तिसऱ्या बेसवर तिघे : बेब हर्मनची जीवनकथा



आपल्या वार्तापत्रात आजवर आम्ही संतांची, समाजसुधारकांची, शास्त्रज्ञांची चरित्रे दिली. या वेळी ज्याची जीवनकथा देत आहोत तो यांपैकी कोणीच नाही. तो अमेरिकेतला एक बेसबॉल खेळाडू होता, त्याला जाऊन आता बरीच वर्षे लोटली, आणि आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसेल. तरीही आम्ही त्याला निवडले, याला एक कारण आहे. आपली मुले-मुली सॉफ्टबॉल आवडीने खेळतात. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचेच धाकटे भावंड. मैदान लहान, चेंडू मोठा, पण धावण्याचे नियम बहुतेक तेच. आणि दर मोसमात मैदानावर एक भांडण हमखास होते. दोन मुले पळत पळत एकाच बेसवर येऊन उभी राहतात आणि मग बाद कोण, यावर दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू होतो. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की बेब हर्मनचे नाव येतेच येते. नुसता नियम सांगितला तर मुले दोन दिवसांत विसरतात. माणूस सांगितला तर नियम लक्षात राहतो, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

त्याचे पूर्ण नाव फ्लॉइड केव्ह्ज हर्मन. जन्म २६ जून १९०३ चा, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात. लहानपणीच तो कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे आला आणि तिथल्याच शाळेत वाढला. उंची सहा फूट चार इंच, अंगकाठी सडपातळ, डावखुरा. शाळेत असताना बहुतेक सगळे खेळ तो खेळे. १९२१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरला तो थेट कॅनडातल्या एडमंटन येथे. त्यानंतरची चार-पाच वर्षे छोट्या संघांतून, गावोगाव हिंडण्यात गेली. ‘बेब’ म्हणजे बाळ. त्या काळी न्यूयॉर्कचा बेब रूथ सर्वत्र गाजत होता, त्यामुळे जोराने फटके मारणाऱ्या पोराला हे नाव चिकटणे साहजिकच होते. (आपल्या घरांतूनही साठीच्या गृहस्थाला बाळासाहेब म्हणतातच की!)

१९२६ च्या एप्रिलमध्ये तो ब्रुकलिनच्या संघातून मोठ्या स्पर्धेत उतरला. ब्रुकलिन हा न्यूयॉर्क शहराचाच एक भाग. तिथला हा संघ त्या वेळी रॉबिन्स या नावाने ओळखला जाई, कारण त्याचे व्यवस्थापक होते विल्बर्ट रॉबिन्सन. पुढे हाच संघ डॉजर्स म्हणून नावारूपाला आला आणि १९५८ पासून लॉस एंजेलिसला खेळू लागला. रॉबिन्सन हे स्थूल, प्रेमळ, थोडे विसराळू गृहस्थ होते. त्यांच्या संघात शिस्त जरा ढिलीच होती. पण प्रेक्षकांचा या संघावर जीव होता. एबेट्स फील्ड हे त्यांचे मैदान लहानसे असल्याने प्रेक्षक आणि खेळाडू अगदी जवळजवळ असत, आणि एखाद्याची फजिती झाली की ती साऱ्या मैदानाला दिसे.

आता ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही अशा पालकांसाठी चार ओळी. मैदानात एक चौकोन कोपऱ्यावर उभ्या केलेल्या पतंगासारखा आखलेला असतो. खालचा कोपरा म्हणजे होम प्लेट, जिथे फलंदाज उभा राहतो. उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा. प्रत्येक दोहोंत नव्वद फुटांचे अंतर. फटका मारला की बॅट टाकून पळायचे आणि तिन्ही बेस शिवून परत होम प्लेटला आले की एक धाव. एका दमात जमले नाही तर मधल्या बेसवर थांबता येते, मग पुढचा फलंदाज येतो. म्हणजे एकाच वेळी तीन बेसवर तीन धावक उभे असू शकतात. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. बेसवर पाय असला तर धावक सुरक्षित. बेस सुटलेला असताना क्षेत्ररक्षकाने चेंडू घेतलेला हात त्याला लावला, म्हणजेच टॅग केले, की बाद. आणि एक बेस एकाचाच.

१५ ऑगस्ट १९२६. (आपल्यासाठी ही तारीख पवित्र व्हायला अजून एकवीस वर्षे होती.) एबेट्स फील्डवर ब्रुकलिनचा सामना बोस्टन ब्रेव्हजशी होता. सातवा डाव चालू, गुणसंख्या १-१. ब्रुकलिनचा एक गडी बाद झालेला आणि तिन्ही बेस भरलेले. तिसऱ्यावर हँक डिबेरी, दुसऱ्यावर डॅझी व्हान्स, पहिल्यावर चिक फ्यूस्टर. फलंदाजीला आमचा हर्मन, वय तेवीस, मोठ्या स्पर्धेतले त्याचे पहिलेच वर्ष.

त्याने फटका मारला तो सणसणीत. चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीकडे गेला. डिबेरी आरामात घरी आला आणि ब्रुकलिनला आघाडी मिळाली. व्हान्सनेही घरी यायला हवे होते. पण व्हान्स हा संघाचा पिचर, अंगाने भक्कम, पळण्यात काही चपळ नव्हे. तो तिसरा बेस ओलांडून पुढे गेला, मध्येच थबकला आणि परत वळला. मागून कोणीतरी मागे फिरण्यासाठी ओरडले, ते खरे हर्मनसाठी होते आणि व्हान्सने आपल्यासाठी समजले, असे सांगतात. तोवर फ्यूस्टर दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे पोहोचला होता. आणि हर्मन? तो मान खाली घालून पळत होता. पहिला बेस झाला, दुसरा झाला, आणि पुढे काय चालले आहे याची दखल न घेता तोही तिसऱ्याकडे निघाला. एका बाजूने व्हान्स परत येतो आहे, दुसऱ्या बाजूने हर्मन येतो आहे, मध्ये फ्यूस्टर उभा. तिघे एका बेसवर!

बोस्टनचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू एडी टेलर याच्या हाती चेंडू आला. आता यांतला बाद कोणता, हे त्यालाही उमगेना. त्याने शहाणपणा केला. दिसेल त्याला टॅग केले. फ्यूस्टर आपण बाद झालो असे समजून मैदानात चालू लागला, त्याच्यामागे बोस्टनचा दुसरा खेळाडू चेंडू घेऊन धावला. प्रेक्षक हसून लोटपोट झाले असणार, दुसरे काय.

पंचांनी निर्णय दिला. व्हान्स सुरक्षित. फ्यूस्टर आणि हर्मन बाद. आधीचा एक आणि हे दोन मिळून तीन, डाव संपला.

हा निर्णय असाच का, हे मुलांनी नीट समजून घ्यावे, कारण भांडण इथेच होते. बेसबॉलच्या नियमपुस्तकाप्रमाणे चेंडू खेळात असताना दोन धावक एका बेसवर पाय ठेवून उभे असतील तर तो बेस पुढच्या धावकाचा. मागच्याला टॅग केले की तो बाद. पुढचा म्हणजे आधी पोहोचलेला नव्हे, धावण्याच्या क्रमात पुढे असलेला. क्रिकेटमध्ये दोन्ही फलंदाज एकाच टोकाला आले तर ते टोक तिथे आधी असलेल्याचे धरतात. बेसबॉलमध्ये तसे नाही. व्हान्स तिसऱ्या बेसच्या पुढे जाऊन मागे आला होता, फ्यूस्टर त्याच्या आधी तिथे उभा असला तरी हक्क व्हान्सचाच. यामागचा न्याय आम्हाला तरी पटतो. मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, पुढच्याला पाठीमागचा दिसत नाही. ज्याला दिसते, त्यानेच सांभाळायचे.

याला एक अपवाद आहे आणि तो सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांनी पाठच करावा. फलंदाजाने जमिनीवरून फटका मारला की त्याला पहिला बेस लागतो. म्हणून पहिल्या बेसवर जो आधी उभा आहे त्याला जागा सोडून दुसऱ्याकडे पळणे भागच पडते. अशा वेळी तो घाबरून पहिल्यावरच उभा राहिला आणि फलंदाजही तिथे येऊन पोहोचला, तर आता बेस मागच्याचा, म्हणजे फलंदाजाचा, आणि टॅग केल्यावर बाद होतो तो पुढचा. म्हणजे सक्ती असेल तर मागच्याचा हक्क, सक्ती नसेल तर पुढच्याचा. त्या दिवशी व्हान्सवर सक्ती होती ती फक्त तिसऱ्या बेसपर्यंत, आणि तिथे तो पोहोचलेला होता. फ्यूस्टरवर सक्ती दुसऱ्यापर्यंत. तिसऱ्यावर येण्याची त्याला कोणी जबरदस्ती केली नव्हती. हर्मनवर तर नाहीच.

आणखी एक कलम आहे. मागच्या धावकाने पुढच्याला मागे टाकून पळायचे नाही. टाकले तर चेंडू लागो न लागो, मागचा लगेच बाद. हे कलमही हर्मनला पुढे चांगलेच भोवले, ते सांगतोच.

आणि हेही सांगून ठेवतो की एका बेसवर दोघे उभे राहिले एवढ्याने कोणी बाद होत नाही. टॅग व्हावे लागते. म्हणून पुढच्या धावकाने पंचांचा निर्णय होईपर्यंत बेसवरचा पाय अजिबात काढू नये. क्षेत्ररक्षक दोघांनाही टॅग करतो, सुरक्षित असलेला घाबरून चालू लागतो, आणि मग तोही बाद होतो. हे आमच्या डोळ्यांदेखत अनेकदा झालेले आहे.

आता हर्मनकडे वळू. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नावाला जो ठसा चिकटला तो जन्मभर सुटला नाही. ब्रुकलिनचे तीन गडी बेसवर आहेत असे कोणी म्हटले की कोणत्या बेसवर, असे विचारण्याची थट्टा अमेरिकेत रूढ झाली. वर्तमानपत्रांनी या संघाला वेडगळांचा संघ ठरवून टाकले. गोष्ट वाढत वाढत इतकी गेली की हर्मनने एका फटक्यात तिघांना बाद करवले असे लोक सांगू लागले. एक गडी आधीच बाद होता, तेव्हा तिघे बाद होणे शक्यच नव्हते, पण गोष्ट सांगणाऱ्याला हिशेब कोण विचारतो? खरा हिशेब असा की त्याच फटक्यावर डिबेरी घरी आला आणि ब्रुकलिनची आघाडी झाली. पुढे सामना ब्रुकलिनने ४-१ असा जिंकला. म्हणजे ज्या फटक्यासाठी हर्मनला जन्मभर हसले, त्याच फटक्याने सामना जिंकून दिला होता! शिवाय गोंधळाला सुरुवात केली व्हान्सने. व्हान्स मोठा पिचर होता, १९५५ साली त्याला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण हसण्याचा सारा वाटा एकट्या हर्मनच्या पदरात पडला.

याच खेळातल्या फ्रेड मर्कलची आठवण इथे होते. २३ सप्टेंबर १९०८ रोजी एकोणीस वर्षांचा मर्कल विजयाच्या गडबडीत दुसरा बेस न शिवताच परत फिरला, आणि त्या सामन्याचा निकाल गेला. पुढे तो सामना नव्याने खेळवावा लागला आणि मर्कलच्या संघाला स्पर्धा गमवावी लागली. त्याची चूक खरोखर महागात पडली होती. हर्मनच्या चुकीने संघाचे काही गेले नाही. तरी दोघांनाही लोकांनी सारखेच वागवले. शाळेत आम्ही पाहतो, इयत्ता पाचवीत एखाद्याला पडलेले टोपणनाव दहावीपर्यंत जात नाही. मूल मध्ये कितीही बदललेले असो. वर्गातलेच नव्हे, कधीकधी शिक्षकही त्याच नावाने हाक मारतात. हे थांबवणे आम्हा शिक्षकांचे आणि पालकांचेही काम आहे.

हर्मनला सगळेच चांगले येत होते असे मात्र नाही. क्षेत्ररक्षण त्याचे कच्चे होते. आधी पहिल्या बेसवर, मग उजव्या बाजूच्या मैदानात त्याला ठेवले, पण हातून चेंडू सुटायचेच. उंच उडालेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळतो अशी एक गोष्ट पसरली होती, ती त्याने कायम नाकारली. डोक्यावर आदळला तर खेळ सोडीन, खांद्यावर आदळलेला मात्र त्यात धरू नका, असे तो म्हणाल्याचे सांगतात. ही गोष्ट खरी की पत्रकारांनी रचलेली, देव जाणे. पण आपल्यावरच्या थट्टेत तो स्वतःही सामील होत असे, एवढे त्यावरून दिसते.

बॅट हातात घेतली की मात्र हसणारे गप्प होत. १९२९ साली त्याची सरासरी .३८१ होती. १९३० साली .३९३. म्हणजे दर दहा प्रयत्नांत जवळजवळ चार वेळा यशस्वी फटका. बेसबॉलमध्ये दहांत तीन जमले तरी माणूस उत्तम मानला जातो. त्या १९३० च्या मोसमात त्याने २४१ यशस्वी फटके मारले, ३५ होम रन काढल्या आणि १३० धावा घरी आणून दिल्या. आणि दैव पाहा. लीगमधील पहिला क्रमांक त्याला दोन्ही वर्षी मिळाला नाही. १९२९ मध्ये लेफ्टी ओडूल .३९८ काढून पुढे गेला, १९३० मध्ये बिल टेरीने .४०१ काढली. एवढ्या सरासरीवर दुसरा येणे म्हणजे आपल्याकडे ९८ टक्के मिळवूनही गुणवत्ता यादीत नाव मागे पडावे, तसेच म्हणायचे.

आणि याच सोन्यासारख्या वर्षात त्याने पुन्हा बेसवर गोंधळ घातला, तोही दोनदा. ३० मे १९३० रोजी तो बेसवर असताना डेल बिसोनेटने होम रनचा फटका मारला. चेंडू भिंतीपलीकडे जातो की अडतो हे पाहत हर्मन उभाच राहिला आणि मागून पळत आलेला बिसोनेट त्याच्या पुढे गेला. वर सांगितलेले कलम लागू झाले. बिसोनेट बाद, होम रन गेली, हाती राहिला साधा एका बेसचा फटका. सप्टेंबरमध्ये ग्लेन राइटच्या बाबतीत अगदी तसेच घडले. नियम इथे थोडा कठोर वाटतो, कारण चूक पाहत उभ्या राहणाऱ्याची आणि शिक्षा मेहनतीने पळणाऱ्याला. पण मागच्याने पुढे पाहायचे हे तत्त्व इथेही तेच. तरी या दोन प्रसंगांत आम्ही हर्मनची बाजू घेणार नाही. एकदा झाले ते समजू शकते. त्याच वर्षी पुन्हा तेच झाले तर सहकाऱ्याने रागवायलाच हवे.

१९३२ साली पगारावरून वाद झाला आणि ब्रुकलिनने त्याला सिनसिनाटीला देऊन टाकले. तिथे पहिल्याच वर्षी तीन बेसचे १९ फटके मारून तो लीगमध्ये पहिला आला. मग शिकागो, पिट्सबर्ग आणि पुन्हा सिनसिनाटी. एका सामन्यात एक बेसचा, दोन बेसचा, तीन बेसचा आणि होम रन असे चारही फटके मारणे ही दुर्मिळ गोष्ट. हर्मनने ती तीनदा केली, दोनदा १९३१ मध्ये आणि एकदा १९३३ मध्ये. १९३५ साली मोठ्या स्पर्धेत प्रथमच विजेच्या दिव्यांखाली रात्रीचे सामने सुरू झाले, ते सिनसिनाटीच्या मैदानावर. १० जुलै १९३५ ला अशा रात्रीच्या सामन्यात पहिली होम रन काढली ती हर्मनने, आणि तीही आपल्या जुन्या ब्रुकलिन संघाविरुद्ध. ही नोंद पुसली जाणे शक्य नाही.

१९३७ मध्ये डेट्रॉइटकडून थोडे सामने खेळून तो मोठ्या स्पर्धेतून बाहेर पडला. पुढे घराजवळ, हॉलिवूडच्या संघातून तो १९४४ पर्यंत खेळत राहिला. १९४२ च्या ‘प्राइड ऑफ द यांकीज’ या चित्रपटात गॅरी कूपर या नटाच्या जागी दुरून दिसणारी डावखुरी फलंदाजी त्यानेच केली होती.

मग दुसऱ्या महायुद्धाचे शेवटचे वर्ष आले. तरुण खेळाडू सैन्यात गेलेले, संघांना माणसे मिळेनात. जुलै १९४५ मध्ये ब्रुकलिनने हर्मनला परत बोलावले. वय बेचाळीस. आठ वर्षांनी तो पुन्हा मोठ्या स्पर्धेत, त्याच एबेट्स फील्डवर फलंदाजीला उभा राहिला. पहिल्याच वेळी त्याने यशस्वी फटका मारला, पहिल्या बेसकडे धावला, आणि बेसलाच अडखळला! प्रेक्षकांनी टाळ्यांनी मैदान दणाणून सोडले. हसलेही असतीलच, पण तेरा वर्षांपूर्वी संघातून दिलेल्या माणसाला लोक असे उभे राहून टाळ्या देतात तेव्हा त्यात नुसती थट्टा नसते. त्या मोसमात तो ३७ सामने खेळला आणि मग बॅट ठेवली. नंतरची वर्षे नवे खेळाडू हेरण्याच्या कामात गेली. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी ग्लेनडेल येथे, वयाच्या ८४ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

एकूण १८१८ यशस्वी फटके, १८१ होम रन, सरासरी .३२४. कीर्तिमंदिरात मात्र त्याला जागा मिळालेली नाही. त्याच्याहून कमी सरासरीचे कितीतरी जण तिथे आहेत. कच्चे क्षेत्ररक्षण हे एक कारण खरेच, पण त्या तिसऱ्या बेसचाही थोडा हात असावा असे आम्हाला वाटते.

२०२४ साली शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूने डॉजर्सकडून अफाट मोसम खेळला. त्या वर्षी फटक्यांतून मिळवलेल्या बेसांची त्याची बेरीज ४११ झाली. संघाचा विक्रम आहे ४१६ चा, १९३० सालचा, आणि तो बेब हर्मनच्या नावावर आहे.